राघू आले त्या शुक्रवारी

समस्त वाचकांना, आणि विशेषतः ज्यांचं पक्ष्यांशी काहीही देणंघेणं नाही अशा सूज्ञ मंडळींना, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की कुवेतमध्ये वसंत ऋतू आपल्या मनानं येत नाही. त्याला परवानगी लागते. माझ्या लहानपणी ही परवानगी देण्याचा अधिकार फक्त दोन माणसांकडे होता. एक माझे बाबा, अहमदीच्या तेल कंपनीत यंत्रांचे काटे आणि मीटर दुरुस्त करणारे शिंदे, मूळचे परभणीकडचे. दुसरे हसनकाका, श्रीवर्धनचे, शुऐबाच्या बंदरात जहाजांवरचा माल सोडवून देणाऱ्या एका एजंटाकडे कामाला. या दोघांनी आकाशात पहिला राघू दिसल्याचं एकमतानं मान्य केलं की वसंत आला. एकाला दिसला आणि दुसऱ्यानं मान हलवली नाही, तर तो आला नाही. आमच्या कुंपणावर बसून तो स्वतः घसा फोडून सांगत असला तरी आला नाही.

वाचकांना हसू येत असेल तर येऊ द्या, मलाही येतं. पण याच विक्षिप्त नियमावर एका शुक्रवारी सकाळी माझ्या आईचा जीव टांगला गेला होता, आणि तो टांगलेला असताना मी गाडीच्या बॉनेटवर उभी होते. तेव्हा हसायचं ते आत्ताच हसून घ्या.

राघू म्हणजे आपल्याकडे तारेवर बसतो तो हिरवा चिमुकला वेडा राघू नव्हे. त्याचा हा थोरला भाऊ. पाठ विटकरी, गळा पिवळाधमक, पोट निळसर. थंडी आफ्रिकेत काढायची आणि ऊन तापायला लागलं की पिल्लं घालायला उत्तरेकडे निघायचं, असा त्यांचा शिरस्ता. वाटेत कुवेत लागतं. त्यांचे थवे उंचावरून जातात, बहुतेक वेळा दिसण्याआधी ऐकू येतात. गळ्यात घोटभर पाणी घोळवावं तसा आवाज, आणि तो एकाचा नाही, सगळ्यांचा मिळून. खरं तर त्यांच्या आधीही पाहुणे येत. डोक्यावर तुरा मिरवणारा हुदहुद येई, पाकोळ्या येत, जमिनीवर तुरुतुरु पळणारे कितीतरी मातकट पक्षी येत. पण त्यांना आमच्याकडे मान नव्हता. त्यांच्यातले काही आळशी जीव अख्खी थंडी अहमदीच्या बागांतच घालवायचे, त्यामुळे हा आत्ता आला की मुळात गेलाच नव्हता, हे ठरवणं कठीण. राघूचं तसं नाही. त्याच्या येण्यात लबाडी नसे.

अहमदीतलं आमचं घर कंपनीचं, बैठं, पुढे हातभर बाग. कण्हेरीचं कुंपण आणि कोपऱ्यात एक निलगिरी, जिची पानं उन्हात तापली की सगळ्या घराला सर्दीच्या औषधाचा वास येई. रात्री दूरवर जळणाऱ्या गॅसच्या ज्वाळेचा तांबूस उजेड खिडकीतून आत येई आणि पाणी प्यायला उठलं तर दिवा लावावा लागत नसे. आठ महिने खिडकीतला एसी असा घरघरायचा की घरात एकमेकांशी बोलायचं ते ओरडूनच. पण मार्चमध्ये तो बंद असे. त्या थोड्या दिवसांत आमचं घर ऐकू यायचं. कुकरची शिट्टी, मशिदीची बांग, शेजारच्या मल्याळी बाईंचं नारळ खवणं, आणि बाबांच्या गुडघ्यांचा आवाज, कारण ते पहाटेपासून खुर्चीवर चढून आकाश बघत असत.

आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. वॉर्डात तिच्या एका हाकेवर डॉक्टरसुद्धा सरळ उभे राहत, असं बाबा कौतुकानं सांगायचे आणि तिच्या हाकेवर स्वतःही सरळ उभे राहायचे. तिला पक्ष्यांचं प्रेम नव्हतं. तिला प्रेम होतं चुक्याचं. परभणीची माणसं डाळीत आंबट चुका घालतात, वर शेंगदाणे आणि लसणाची फोडणी. कुवेतमध्ये विमानानं मेथी यायची, कोथिंबीर यायची, पण चुका कधी आला नाही. आई चिंच घालून डाळ करायची, तंदूरवाल्या इराण्याकडून आणलेली गरम खुबुज रोटी त्यात बुडवून खायची आणि दर वेळी म्हणायची, "आंबट आहे, पण हे आंबट ते नाही." बाबा मुकाट्यानं जेवत. बायकोच्या माहेरच्या भाजीबद्दल मत देण्याचं धैर्य मराठवाड्यात कुणी केलेलं नाही.

हसनकाका दर शुक्रवारी आमच्याकडे यायचे. त्यांचं कुटुंब श्रीवर्धनला, इथे ते चौघांच्या खोलीत राहत. येताना कागदात गुंडाळलेली झुबैदी आणायचे. झुबैदी म्हणजे पापलेट, पण तसं कुवेती माणसासमोर म्हणू नये, तो दुखावतो. सकाळी पक्षी बघायला जायचं, दुपारच्या नमाजाआधी परतायचं, मग काका मशिदीत, आई स्वयंपाकघरात, आणि तिथून पुढे भांडण. भांडण म्हणजे असं:

"शिंद्या, ती ससाण्याची मादी होती."

"घार होती ती."

"घारीची शेपूट अशी असते? तुला मीटरचा काटा कळतो, पाखरू नाय कळत."

"आणि तुला बंदरावरचे बगळे सोडून काय कळतंय?"

"वैनी, याला भात कमी वाढा. डोक्यात जातो."

"दोघांनाही कमी वाढते," आई म्हणायची. "दोन बाप्ये सकाळपासून आभाळात तोंड घालून बसतात आणि एक घार ठरत नाही. वॉर्डात असं केलं तर पेशंट मरतील."

दोघांचं एकमत हवं, हा नियमही भांडणातूनच जन्मला. एका वर्षी हसनकाका तापानं पडले असताना बाबांनी एकट्यानं राघू पाहिला आणि वसंत जाहीर करून टाकला. काकांनी तो वसंत मानला नाही. उन्हाळा सरेपर्यंत ते बाबांशी फक्त कामापुरतं बोलले. तेव्हापासून ठरलं की दोघांनी हो म्हटल्याशिवाय काहीच खरं नाही. बाबांकडे जुन्या बाजारातून घेतलेली जाडजूड दुर्बीण होती, काकांकडे कुठल्याशा जहाजाच्या कप्तानानं दिलेली पितळी एकडोळी, म्हणजे एका नळीची दुर्बीण. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं बघायचं, मग हो किंवा नाही. बोट दाखवायचं नाही, पक्षी बुजतो. शब्दांनीच सांगायचं, त्या झुडपाच्या डावीकडे, त्या दगडाच्या अलीकडे. हे सांगणं मीही शिकले आणि त्यात मी दोघांपेक्षाही बरी होते, असं माझं प्रामाणिक मत आहे. आज इथेच कुवेतमध्ये, सालमियात सातव्या मजल्यावर राहते, घरात चष्मा हरवला तर माझा मुलगा नुसताच "देअर, मम्मा" म्हणतो. देअर म्हणजे कुठे, हे सांगण्याची कला त्या पिढीबरोबर बुडाली.

त्या वर्षी राघू आले नाहीत. मार्च संपत आला, आईनं लोकरीचे कपडे ट्रंकेत टाकले, निलगिरीची पानं तापू लागली, पण आकाश रिकामं. बाबा चिडचिडे झाले. हसनकाका रोज रात्री बंदरावरून फोन करायचे, "आले का?" "नाही." फोन बंद. गुरुवारी रात्री त्यांनी फोनवर जास्तीचं एक वाक्य उच्चारलं, "वारा फिरलाय." दक्षिणेचा वारा सुटला की पक्षी त्याच्यावर बसून येतात. शुक्रवारी पहाटे निघायचं ठरलं. यंदा पाऊस बरा झाल्यानं वाळवंटात हिरवळ आली होती, ती दाखवतो म्हणून बाबांनी आईलाही गळ घातली. तिची त्या दिवशी सुट्टी होती. ती म्हणाली, "चहा मी माझ्यापुरताच घेईन," आणि सगळ्यांपुरता घेतला.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी कुवेतमध्ये कुणाला सांगावी लागत नव्हती. युद्ध संपून फार वर्षं झाली नव्हती. इराकी सैन्य जाताना वाळवंटात सुरुंग पेरून गेलं होतं. बरेचसे काढले गेले, पण सगळे निघाले असं कुणी छातीठोकपणे सांगत नसे, कारण वाळू सरकते आणि पावसात आतलं वर येतं. शाळेत आम्हाला चित्रं दाखवत. डांबरी रस्ता सोडायचा नाही, सोडलाच तर गाड्यांच्या चाकोरीतच राहायचं, काहीही उचलायचं नाही. आईला चित्रं दाखवायची गरज नव्हती. तिच्या वॉर्डात पाय गेलेली माणसं यायची. घरी ती त्याबद्दल बोलत नसे. फक्त अशा एखाद्या दिवशी आली की माझ्या पायात मोजे चढवायची, मी एवढी मोठी झाले तरी.

अहमदीपासून दक्षिणेला, विजेच्या मनोऱ्यांच्या रांगेजवळ गाड्यांच्या चाकांनी पडलेली एक जुनी वाट होती. बाबांनी गाडी त्या चाकोरीतच थांबवली. सूर्य नुकताच वर आला होता. जमिनीवर खरोखरच हिरवी साय धरली होती, मध्येमध्ये पिवळी फुलं. बाबा आणि काका दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले, दोघांमध्ये हातभर अंतर, दोघांच्याही माना मागे. मी थर्मासचं झाकण उघडत होते. कसला तरी ठिपका दिसला आणि वाद सुरू झाला.

"हलतोय."

"धूळ आहे तुझ्या काचेवर."

"काच पुसलीय. तूच डोळे पूस."

मी आईला कप द्यायला वळले तर आई नव्हती.

ती पूर्वेला, उन्हाच्या बाजूला होती. सूर्य डोळ्यांवर येत असल्यामुळे तिकडे कुणी बघतच नव्हतं. जमीन थोडी खोलगट झाली होती, पाऊस तिथे साचला असावा, आणि त्या खळग्यात आई वाकून काहीतरी खुडत होती. हाक पोचेल पण चेहरा दिसणार नाही इतकी दूर. वाटेपासून तिथपर्यंत एकही चाकोरी नव्हती.

"आई," मी हाक मारली.

तिनं हात वर केला. मुठीत हिरवं काहीतरी होतं. "मनू, अगं चुका हाय इथं. रानात उगवलाय. तिकडचाच, अगदी तोच."

हे मी नंतर शोधून खात्री केली आहे. कुवेतच्या वाळवंटात पावसानंतर आंबट चुका आपोआप उगवतो, गुलाबी झिरझिरीत बोंडांसकट. तो बघून चाकोरी सोडणारी बाई अख्ख्या कुवेतमध्ये त्या सकाळी एकच असावी, आणि ती माझी आई होती. जिनं पाय गेलेल्या माणसांच्या पट्ट्या बांधल्या होत्या, तिनं माहेरची भाजी दिसली म्हणून ओढणीचा ओचा केला आणि चालायला लागली. बाबा मागे वळले.

मग आई पुन्हा वाकली आणि वाकलेलीच राहिली. फार वेळ. हळूहळू सरळ झाली. तिचा आवाज आला, घरचा नव्हे, वॉर्डातला.

"अहो. कुणी हलू नका. मी पण हलत नाही."

बाबांनी दुर्बीण लावली. तिच्या पायाशी, चुक्याच्या रोपट्याजवळ, वाळूतून एक गोल कड वर आलेली होती. फिक्या रंगाची, डब्याच्या झाकणासारखी. थोडं पलीकडे आणखी एक. (पुढच्या आठवड्यात माणसं आली, त्या खळग्याभोवती लाल झेंड्या लागल्या, आणि तिथून काय काय निघालं ते बाबांनी मला कधीच नीट सांगितलं नाही. तेव्हा ती झाकणं डब्यांची होती असा दिलासा वाचकांनी स्वतःला देऊ नये.)

बाबा धावले. म्हणजे धावणार होते. हसनकाकांनी त्यांची कॉलर मागून धरली आणि इतक्या जोरात ओढलं की शर्टाचं बटण उडालं.

"सोड मला, हसन."

"नाय सोडत."

"तिथंच थांबा," आई म्हणाली. "तुम्ही एक पाऊल टाकलं तर मी पण चालायला लागीन, कुठंही. सांगून ठेवते."

बाबा थांबले. काकांनी तरीही कॉलर सोडली नाही. पोलिसांकडे जायचं तर डांबरी रस्त्यापर्यंत आणि तिथून पुढे नाक्यापर्यंत, मग त्यांना मोडक्यातोडक्या अरबीतून समजावायचं, मग त्यांनी माणसं आणायची. काका म्हणाले, "मी गाडी घेऊन जातो, वैनींनी तिथंच उभं राहायचं." तेवढ्यात मी खाली बघितलं. जमिनीलगत वाळू सरकायला लागली होती, धुरासारखी, घोट्याएवढ्या उंचीवर. दक्षिणेचा वारा. पक्षी ज्याच्यावर येतात तोच. आणि त्या सरकत्या वाळूखाली आईच्या जाताना उमटलेल्या पावलांची रांग होती. ती जिथे जिथे पाऊल टाकून गेली होती तेवढीच जागा भरवशाची. बाकीच्या वाळवंटाचं कुणाला काय माहीत.

हे आईला आमच्याआधी कळलं होतं. "वारा सुटलाय," ती म्हणाली. "ठसे आत्ता दिसतील ते दिसतील. मी माझ्याच ठशांवरनं परत येते. पण मला इथनं दिसत नाहीत, सगळं सपाट दिसायलंय. तुम्हाला दिसतात का?"

आम्हाला दिसत होते. सूर्य तिच्या पाठीशी आणि आमच्या समोर, त्यामुळे प्रत्येक ठशाची सावली आमच्याकडे पडली होती. मी बॉनेटवर चढले. उंचावरून रांग आणखी स्पष्ट दिसली, खळग्यापासून वाटेपर्यंत, मध्येच चुक्याकडे वळलेली, मध्येच थांबलेली. बाबा आणि काका एकाच वेळी ओरडायला लागले, डावीकडे, नाही पुढे, अरे त्याच्या अलीकडे.

"गप बसा दोघं," आई म्हणाली. "मनू, तू बोल. एकटी तू. आणि ऐक, दोघं हो म्हणाले तरच मला सांगायचं. एक जरी नाही म्हणाला तरी गप राहायचं. कळलं का?"

ज्या नियमाची तिनं वर्षानुवर्षं टर उडवली, तोच तिनं मागून घेतला. बाबांनी दुर्बीण उचलली, काकांनी एकडोळी. मी डोळ्यांनी ठसा शोधायचे, दोघांना सांगायचे, दोघं बघायचे. "हो." "हो." मग मी आईला सांगायचे, "उजवा पाय, त्या वाळक्या काटकीच्या अलीकडे, चपलेएवढं अंतर." ती पाय उचलायची, हवेत धरायची, विचारायची, "इथं?" मी म्हणायचे, "थोडा आत." आणि पाय टेकायचा. तो टेकला की काका काहीतरी पुटपुटायचे. वाऱ्यात ते ऐकू येत नव्हतं, पण ते पक्ष्यांबद्दल नव्हतं एवढं नक्की.

"ती भाजी टाक खाली," बाबा मध्येच म्हणाले.

"हात मोकळे असले म्हणून काय उडत येणार हाय मी?" आई म्हणाली. भाजी टाकली नाही.

अर्धी वाट झाली असेल तेव्हा एक उघडा पट्टा आला. तिथे झुडूप नव्हतं आणि वाऱ्यानं आपलं काम सुरू केलं होतं. अलीकडचा ठसा दिसत होता, पलीकडचा दिसत होता, आणि मध्ये एकाऐवजी दोन खळगे होते. आमच्या बाजूनं एक डावीकडे, एक उजवीकडे. एक आईचा. दुसरा वाऱ्याचा, सरड्याचा, की आणखी कशाचा.

"डावा," बाबा म्हणाले.

"उजवा," काका म्हणाले.

मी गप्प राहिले. आई एका पायावर भार देऊन उभी होती, दुसऱ्याची टाच नुसती उचललेली.

"शिंद्या, नीट बघ. डावा उथळ आहे."

"वाळू भरलीय त्यात. म्हणून उथळ."

"उजव्यात पण भरलीय."

"माझी पोरगी वर उभी आहे, हसन, तिच्यासमोर चुकीचं बोलू नकोस."

"म्हणून तर बोलतोय."

या वेळी आईनं दोघांना दटावलं नाही, तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. तिचा कमीज वाऱ्यानं अंगाला चिकटला होता. त्या दोन खळग्यांच्या कडा आमच्या डोळ्यांदेखत मऊ होत होत्या.

आणि तेव्हा आवाज आला. दक्षिणेकडून, उंचावरून, घोटभर पाणी गळ्यात घोळवल्यासारखा, मग दोघांचा, मग शेकड्यांचा. ते आमच्या थेट डोक्यावर आले. त्यांच्या सावल्या वाळूवरून सरकताना मला दिसल्या, बॉनेटवरून, बाबांच्या पाठीवरून, त्या उघड्या पट्ट्यावरून. पुढचे गेले तरी मागचे येतच होते. महिनाभर ज्यांच्यासाठी बाबा खुर्चीवर चढत होते ते राघू, आणि बाबांची दुर्बीण जमिनीवरून केसभरही हलली नाही. काकांची एकडोळीही नाही. मीही मान वर केली नाही. हे लिहिताना आजही माझी मान आखडते.

थवा उत्तरेला निघून गेला आणि आवाज विरला. बाबांनी दुर्बीण खाली घेतली. "माझे हात हलायलेत," ते म्हणाले. "मला दोन-दोन दिसायलेत. हसन, तू बघ. तू म्हणशील ते खरं."

हे वाक्य ऐकायला हसनकाका कितीतरी वर्षं थांबले होते. मला वाटलं ते लगेच उजवा म्हणतील. त्यांनी एकडोळी डोळ्यावरून खाली घेतली.

"नको रे," ते म्हणाले. "मागं घे ते. मला एकट्यानं नाय ठरवता येणार. ही घे माझी, दारावर टेकवून बघ. तुझी मला दे."

दोघांनी दुर्बिणी बदलल्या. बाबांनी एकडोळी गाडीच्या उघड्या दारावर टेकवली.

"मला आता डावा वाटतोय," काका म्हणाले.

"मला उजवा," बाबा म्हणाले.

"अहो," आईचा आवाज आला, अगदी हळू, "माझा पाय बधिर व्हायलाय."

"थांब, हसन. टाच बघ. उजव्याची टाच. बाहेरच्या अंगाला कड तुटल्यासारखी दिसते का बघ. ती चालताना तिकडेच भार देते. चप्पल तिथंच झिजते. मीच शिवून आणलीय ती, दोनदा."

काकांनी बघितलं. पापणी न हलवता बघितलं. वाऱ्यानं त्यांची टोपी उडाली, ती गाडीखाली गेली.

"हाय," ते म्हणाले. "तुटलेली हाय. उजवा."

"उजवा," बाबा म्हणाले.

"आई, आमच्या उजवीकडचा खळगा," मी ओरडले. "तुझ्या डाव्या हाताचा. पाय सरळ ठेव."

तिनं पाऊल टाकलं. काही झालं नाही.

हल्ली बाबा परभणीहून फोन करतात आणि हा भाग आला की म्हणतात, आपण बरोबर ओळखलं. हसनकाका श्रीवर्धनहून फोन करतात आणि म्हणतात, दोन्ही खळगे वैनींचेच होते, त्या तिथं घुटमळल्या असणार. या मुद्द्यावर त्यांचं आजवर एकमत झालेलं नाही आणि होऊही नये.

पलीकडे झुडपं पुन्हा सुरू झाली, त्यांच्या आडोशाला ठसे शाबूत होते. हो, हो, डावा. हो, हो, उजवा. माझा आवाज बसत चालला. शेवटचं पाऊल चाकोरीत पडलं तेव्हा बाबा तिच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. त्यांनी तिला मिठी वगैरे मारली नाही. आमच्याकडे तशी पद्धत नव्हती. त्यांनी तिच्या हातातला ओढणीचा ओचा घेतला आणि तो दोन्ही हातांत धरून नुसते उभे राहिले, जसं कुणी बाळंतपणाच्या खोलीबाहेर उभं राहतं. काका चाकाला टेकून खाली बसले, डोळे मिटून. मी बॉनेटवरून उतरले आणि आईचा कमीज घट्ट धरला. तेव्हा कुठे ती दारातल्या सीटवर बसली. मी झाकणात चहा ओतला, निम्मा सांडला. तिनं उरलेला एका दमात संपवला. वारा होता. खळग्याकडची सगळी जमीन आता सारखी, गुळगुळीत दिसत होती.

आईनं झाकण माझ्या हातात दिलं. वाळूत पडलेली पितळी एकडोळी बघितली, काकांच्या गळ्यातली दुर्बीण बघितली, मग आम्हा तिघांकडे, मग उत्तरेकडच्या मोकळ्या आकाशाकडे. आणि तिच्या तोंडून निघून गेलं:

"एवढे पक्षी डोक्यावरनं ओरडत गेले, आणि तुमच्यातल्या एकानंही वर बघितलं नाही? मग मला इथं आणलं कशाला?"